दोन घरं, एक दिवा

रेवदंड्याचं घर बंद करून २००४ साली मी आयर्लंडमधल्या एनिसला मुलाकडे आले, ती शब्बाथचा दिवा पिशवीत घालूनच. एझ्रा म्हणाला, "आई, इथे मिळतात दिवे."

"मिळत असतील. आपल्या घराला आपलाच लागतो." डॉक्टर झाला म्हणून मला शिकवतो!

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की माझे यजमान रब्बींच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पोथ्यांत असतात तसे दृष्टांत सांगत. आधी सवाल, "गोष्ट कशासारखी?" मग राजा. वरची गोष्ट सगळ्यांची, आतली विचारणाऱ्याची, म्हणत. अर्थ शनिवारी तारे दिसून शब्बाथ संपल्यावर, तोही कुणी विचारला तरच.

शेवटचा दृष्टांत असा: राजाची दोन घरं, दिवा एकच. एका घरी नेला की दुसऱ्यात अंधार. अर्थ सांगायच्या आत, शनिवारी दुपारी, रेवदंड्याच्या घरातच हे गेले. तो दृष्टांत मी कुणापाशी उच्चारला नाही.

नात लिया पाच वर्षांची. मराठी कळायचं, उत्तर मात्र तिथल्या हेलाच्या इंग्रजीत. त्या थंडीत ती तापाने पडली. एझ्रा म्हणाला, "साधा ताप आहे. दोन दिवसांत ग्रँड होईल." तिथे ठणठणीतला ग्रँड म्हणतात.

शुक्रवारी मी दिवा लावला. खोबरेलाचा वास पसरला. उशीवरून लिया स्वच्छ मराठीत म्हणाली, "गोष्ट कशासारखी?"

मी दिव्यापासून तिच्याकडे वळले.

"राजाची दोन घरं होती." अख्खा दृष्टांत सांगितला तिने. मध्येच ह्यांच्यासारखी खाकरली.

"अगं बाई, मराठी!" सून रूथ हरखली. "आई, तुम्ही शिकवलंत?"

"मी नाही. आणि अर्थ विचारू नकोस तिला."

"का?"

"मी सांगते म्हणून."

ठाण्याची पोर ती, आमच्या घरची रीत तिला काय ठाऊक.

शनिवारी लवकरच अंधारलं. दिवा अजून तेवत होता. ताप उतरला होता. लिया टोस्ट खात होती. रूथने तिला मांडीवर घेतलं, केस मागे सारले.

"मग त्या गोष्टीचा अर्थ काय गं, राणी?"

लिया माझ्याकडे बघून हसली.

"आजोबांकडे अंधार आहे."

दिवा विझला. तेल अर्धं शिल्लक होतं.

टोस्ट खाली पडला. एझ्रा धावला, लियाची छाती दाबत राहिला. दाबतच राहिला.

फोन वाजत होता. शेवटी मीच उचलला. रेवदंड्याची शेजारीण, चित्रा.

"काकू, तुमच्या घरात कोण आलंय? किल्ली तर माझ्याकडे आहे, आणि खिडकीत दिवा दिसतोय. आत कुणी म्हातारं खाकरतंय. अन् एक पोर काहीतरी विचारतेय त्याला. इंग्रजीत."