रिकामा डबा द्यायचा नसतो

"थालीपीठ… काकडीचं?"

गौरांगी दचकली. कॅल्गरीतल्या सरकारी कचेरीत, बेकारभत्त्याच्या रांगेत, मागून चक्क मराठीत प्रश्न आला होता. वळून पाहिलं तर टोपीवरचा बर्फ झटकणारा एक उंच मुलगा, आणि त्याची नजर थेट तिच्या पिशवीतल्या डब्यावर!

"कांद्याचं," ती म्हणाली. "आणि लोकांचे डबे हुंगायची सवय बरी नव्हे."

"काय करणार? जॉब गेला, नाक तेवढं शाबूत आहे."

तिला हसू आलं. दोन हजार सोळाचा तो हिवाळा. तेलाचे भाव कोसळले होते आणि डाउनटाउनमधली ऑफिसं भराभर रिकामी होत होती. तिचीही नोकरी गेली होती. पण ती राहायची प्रभामावशीकडे. मावशीला कळलं की नाशिकला बाबांना कळणार आणि बाबा म्हणणार, 'परत ये.' म्हणून बाईसाहेब रोज ऑफिसचे कपडे घालून, मावशीनं भरलेला डबा घेऊन ट्रेन पकडत होत्या.

त्या उंच मुलानं, निहारनं, ईआय म्हणजे हा भत्ता आधीच अप्लाय केला होता; बेकारीत तो सीनियर! कचेरीतल्या कॉम्प्युटरवर भत्त्याचा अर्ज भरताना तो तिच्या शेजारी उभा राहिला.

"कामासाठी उपलब्ध आहात का, असं विचारतायत," ती पुटपुटली.

"हो म्हणा." तो जरा घुटमळला. "आणि… कॉफीसाठी?"

'हो'वर तिचं बोट जरा जास्तच रेंगाळलं.

मग ते रोजचंच झालं. लायब्ररीच्या खिडकीशी बसून दोघं नोकऱ्यांचे अर्ज पाठवायचे आणि दुपारी एकाच डब्यात जेवायचे. बाहेर बर्फ भुरभुरायचा, आत त्याची बोटं चुकून तिच्या बोटांना लागायची… चुकून कसली! डबा घासायचं काम त्यानं हट्टानं मागून घेतलं. आजचा न्यायचा, कालचा आणायचा. आणलेल्या डब्यात कधी खडीसाखर, कधी मूठभर शेंगदाणे.

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो," तो गंभीरपणे सांगायचा. "आईनं शिकवलंय."

ती ते ट्रेनमध्येच खाऊन टाकायची आणि घर येईपर्यंत हसत राहायची. बेकार असून इतकं सुख बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं.

एका संध्याकाळी डोंगराकडून चिनूक सुटला. भर हिवाळ्यात उबदार वारा, पागोळ्या ठिबकतायत, आकाश गुलाबी. त्या नादात ती डबा उघडायलाच विसरली. घरी मावशीनं उघडला. आत रव्याचा लाडू.

"ऑफिसातले गोरे लाडू वळायला लागले वाटतं?"

पितळ उघडं पडलं. गौरांगीनं रडत रडत सगळं सांगितलं. मावशीनं तिचे डोळे पुसले आणि हातात फोन दिला. "बाबांना तूच सांग. मी शेजारी बसते."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परत यायचंय का तुला?"

तिला लायब्ररीची खिडकी आठवली. "नाही, बाबा."

"मग राहा की. जेवतेस ना वेळेवर?"

दुसऱ्या दिवशी तिनं निहारला गाठलं.

"मावशीला कळलं."

"नोकरीचं?"

"नोकरीचं… आणि तुझंही."

"माझं काय कळलं?"

"ते तूच सांगायचं."

त्याचे कान लाल झाले. "रिकामा डबा द्यायचा नसतो असं आई म्हणायची, ते खरंच आहे. पण मी भरून द्यायचो ते… म्हणजे… दुसऱ्या दिवशी तू यावंस म्हणून. मला तू रोज हवी आहेस, गौरांगी. नोकरी लागली तरी."

खिडकीबाहेर बर्फाचं पाणी वाहत होतं. तिनं भरलेला डबा त्याच्या हातात ठेवला आणि हात तिथेच राहू दिला.

"मावशी म्हणते, लाडवात वेलची कमी होती," ती हळूच म्हणाली. "आजचा डबा तू घरी आणून दे."