एक इंच जास्त

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईला थापा मारून काय मिळणार आहे? ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. फक्त त्यानंतर घरात एकट्याने काही मोजायला जाऊ नये.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन, खिडक्या सताड उघड्या, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं.

असल्या गोष्टींना रात्रच लागते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

घडलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात. ती अडुसष्टची झाली तरी आम्ही तिला धाकटीच म्हणतो.

धाकटी म्हणजे आमची नकाशेवाली. एकतीस वर्षं तिने बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढले. उंच स्टूल, तिरका बोर्ड, ट्रेसिंग पेपर. रेघ चुकली की ब्लेडने इतकी अलगद खरवडायची की कागदालासुद्धा कळू नये. तिच्या आकड्यावर साहेब डोळे झाकून सही करायचे.

तिचा नवरा सुतार. लग्नाच्या वेळी घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. मीसुद्धा. पण असा जोडा पुन्हा पाहिला नाही. ती कागदावर काढायची, तो लाकडात उतरवायचा. माप घ्यायला मात्र दोघं लागायचे. तो टेपचं टोक भिंतीला धरायचा आणि ओरडायचा, “धरलंय. वाच!”

ती वाचायची, आणि वहीत एक इंच कमी करून लिहायची.

कारण त्याच्या जुन्या टेपचं टोक कधीतरी दारात चिरडून तुटलं होतं. पहिला इंचच गायब. म्हणून तो टेप एकच्या रेघेवर धरायचा. धाकटीने नवी टेप आणून दिली, पण हाताची सवय काही जाईना. नव्या टेपचाही पहिला इंच सोडूनच धरायचा.

“अहो सुतारबुवा, आता शून्य आहे की जागेवर!”

“शून्यावर आपला भरवसा नाही,” तो म्हणायचा.

आणखी एक खोड. टेप सोडली की चाबकासारखी परत येते, बोट कापते. म्हणून तो टोक कधी झटकन सोडायचा नाही. हातात धरून, चालत, तिच्यापर्यंत आणून द्यायचा. दर वेळी.

तो गेला त्याला तीन वर्षं झाली होती.

ती तीन वर्षं धाकटीने कशी काढली, ते मला ठाऊक आहे. फोन ठेवताना म्हणायची, “ताई, आज दिवसभरात हे पहिलं बोलणं माझं.” मग मुलगा आणि सून राहायला आले आणि बाई उजळली. पण घर लहान. तीन खोल्या, एकामागे एक. पुढे बैठकीची, मध्ये स्वयंपाकघर, आणि मागे सुतारबुवांची कामाची खोली, जी त्याच्यामागे कुणी उघडली नव्हती. सुनेचं काम घरूनच. ती स्वयंपाकाच्या ओट्यावर कॉम्प्युटर ठेवून मीटिंगा करायची. एकदा धाकटीने मुलाच्या फोनवर भाड्याच्या घरांचे फोटो पाहिले.

फोन तिने होता तिथे पालथा घालून ठेवला.

“कुठेही जायचं नाही,” तिने जेवताना जाहीर केलं. “मागची खोली उघडू. घर तिघांना पुरेल असं करू. नकाशा मी काढते.”

सुनेने घराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. आणि एकतीस वर्षांच्या नकाशेवालीला घाम फुटला.

तिने पहिली खोली काढली, दहा लिहिलं, तर काडेपेटीएवढी खोली झाली. माप फुटांवर नव्हतंच. भिंत ओढायला जावं तर ती शेजारच्या भिंतीला जाऊन लोहचुंबकासारखी चिकटायची. सोफा ठेवला तो छताला लटकला. खिडकी हलवली तर अख्खी भिंत तिच्यामागे निघाली.

“आई, आधी सगळ्या भिंती पुऱ्या करा, मग दारं,” सून शिकवायची. “भिंत झाली की हे कुलूप दाबा, म्हणजे हलणार नाही. आणि दर वेळी नव्या नावाने सेव्ह करा.”

“आमच्या वेळी भिंत काढली की तिथंच उभी राहायची गं. कुलूप लावावं लागत नव्हतं!”

दोघी हसायच्या. मला फोनवर ऐकू यायचं. बरं वाटायचं.

मग तो मंगळवार आला.

मुलगा ऑफिसला, सून बाहेर. धाकटीने सुनेने आणलेली नवी कोरी टेप घेतली, वही घेतली आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत भुश्शाचा वास अजून तसाच होता. तिने खोली मोजली. मग स्वयंपाकघर. मग बैठकीची खोली.

अर्ध्या तासात काम उरकलं. इतकं पटकन... की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी तिने आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले. घराचा जुना नकाशा तिनेच काढलेला होता, पण घड्यांवर फाटून आतले आकडे गेले होते. एकच शाबूत होता, आतली एकूण लांबी. चाळीस फूट. तिने चाळीस फुटांची चौकट काढली, मधल्या दोन साडेचार इंची भिंती धरल्या आणि तीन खोल्या आत बसवल्या.

मागची खोली बसेना.

तिची शेवटची भिंत घराच्या बाहेर जात होती. तीन इंच.

तिने पुन्हा भरलं. तीन इंच. पुसून सगळं नव्याने काढलं.

तीन इंच.

“हे यंत्रच खुळं आहे,” म्हणत तिने मागची खोली हाताने तीन इंच लहान केली, कुलूप लावलं आणि सेव्ह केलं.

बुधवारी सकाळी फाइल उघडली. कुलूप निघालेलं होतं... आणि खोली पुन्हा तीन इंच बाहेर.

धाकटीने ती पुन्हा लहान केली.

गुरुवारी सकाळी पुन्हा तेच.

आता कॉम्प्युटर कुणाचा? सुनेचा. कुलूप कुठं काढायचं ते कुणाला ठाऊक? सुनेला. भाड्याचं घर कुणाला हवं? धाकटीच्या डोक्यात एकेक खिळा ठोकला जायला लागला. म्हातारीला जमत नाही असं दाखवायचं, म्हणजे निघून जायला कारण मिळालं. सून चहा घेऊन आली तेव्हा तिने सरळच विचारलं.

“माझ्या फाइलला हात लावतेस?”

“हो,” सून म्हणाली. “मीच नीट केली ना दोन्ही दिवस. तुमच्या हातून मागची खोली चुकत होती.”

“माझ्या हातून?”

“वहीत तेरा फूट दहा इंच आहे, आई. तुमच्याच अक्षरात. तुम्ही तेरा-सात केलं होतं.”

धाकटीने वही ओढली. अक्षर तिचंच होतं. पण वही दिवसभर टेबलावर असते, आणि आकडा काय, कुणीही गिरवू शकतं...

“एकतीस वर्षं आकडे लिहिलेत मी. घर मोडायचं असेल तर तोंडाने सांग. असे उद्योग करू नकोस.”

सुनेचा चेहरा पांढरा पडला. ती आत गेली. थोड्या वेळाने दाराआडून तिचा फोनवरचा दबका आवाज आला. “...मला काळजी वाटते रे. आईंचं आता... डॉक्टरांना दाखवूया का?”

धाकटीने मला तेव्हाच फोन केला. “ताई, मला वेडी ठरवायला निघालेत.” मी तिची समजूत घातली. खरं सांगते, फोन ठेवल्यावर मलाही वाटलं, सुनेचं चुकत नाही. आकडा चुकणारी धाकटी मी कधी पाहिलीच नव्हती.

शुक्रवारी फर्निचरवाला आला. सुनेनेच बोलावला. त्याच्याकडे लाल ठिपक्याचं ते यंत्र होतं, भिंतीवर ठिपका टाकला की माप सांगणारं. मुलगाही रजा घेऊन थांबला. सगळे असे गप्प उभे, जणू निकाल लागायचाय.

फर्निचरवाला वाचत गेला, सून वहीशी ताडून बघत गेली.

“मागची खोली. तेरा फूट नऊ.”

वहीत तेरा-दहा.

“स्वयंपाकघर. अकरा फूट सहा.”

वहीत अकरा-सात.

“पुढची. चौदा बरोब्बर.”

वहीत चौदा फूट एक इंच.

“तिन्ही ठिकाणी एकेक इंच जास्त,” फर्निचरवाला हसला. “कोणी मापं घेतली? आमचे जुने मिस्त्री असे एक सोडून धरायचे. मग वजा करायला विसरलं की झालंच.”

कुणी हसलं नाही.

मुलाने आईकडे पाहिलं. लहानपणापासून त्याने ती दोघांची गंमत पाहिली होती.

धाकटी म्हणाली, “नवी टेप होती. शून्यापासून मोजलंय मी. चुकले असेन... माफ कर गं मला, उगाच तुझ्यावर आळ घेतला.”

सून लगेच विरघळली. तिच्याजवळ बसली, हात हातात घेतला. “जाऊ द्या हो आई. होतं असं.” तेवढ्यावर सगळं मिटलं असतं.

पण पोरीचं डोकं नको तिथं चाललं.

“आई, टोक कशाला अडकवलं होतं?”

“कशाला म्हणजे?”

“सपाट भिंत आहे. टेप अडकणार कशाला? मी एकटीने करून पाहिलं होतं मागे, टोक सारखं निसटतं. खण्णकन पडतं. तुम्ही त्यावर काही वजन ठेवलं होतं का?”

धाकटीने आठवून पाहिलं.

दुपार आठवली. भुश्शाचा वास आठवला. ती पाठमोरी मागे मागे सरकत गेली, ते आठवलं. समोरचं ड्रिल मध्येच थांबलं होतं, ते आठवलं.

वजन ठेवलेलं... आठवेना.

आणि टेप पडल्याचा आवाज... तोही नाही. तिन्ही खोल्यांत एकदाही नाही.

“परत कशी आली टेप?” सुनेने विचारलं. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “झटका बसला असेल ना हाताला?”

धाकटीने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता.

“नाही गं,” ती हळूच म्हणाली. “सावकाश आली. नेहमीसारखी.”

सून उठून उभी राहिली.

फर्निचरवाला चपला घालून केव्हा गेला, कुणाला कळलं नाही. त्याने नंतर फोनही उचलला नाही.

आळ सुनेने पोटात घातला होता. तो इंच मात्र तिला पचला नाही. आठवडाभर ती मागच्या खोलीकडे पाठ करून बसायची नाही. स्वयंपाकघरात एकटी थांबायची नाही. शेवटी दोघांनी दहा मिनिटांवर भाड्याने घर घेतलं. मुलगा आईला म्हणाला, “तूही चल.” धाकटी म्हणाली, “घर सोडून? मला काय धाड भरलीये?”

ज्या गोष्टीची तिला सगळ्यात भीती होती, तीच झाली. मी रडारडीची तयारी ठेवून फोन केला.

ती रडली नाही. आवाज अगदी स्वच्छ होता. म्हणाली, “येतात गं रविवारी दोघं. आणि एकटी कुठे आहे मी?”

मी विषय बदलला.

सॉफ्टवेअर तिने ठेवून घेतलंय. रोज दुपारी बसते. भिंतींना कुलूप लावायला आता शिकलीय.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले. दुपारी ती टेप घेऊन उठली. मागच्या खोलीतून पुढे दिव्याची वायर ओढायची म्हणे. आता त्या खोलीचं दार उघडंच असतं. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर होते. ती माझ्यापासून चार हातांवर, मागे मागे सरकत येत होती, आणि टेप तिच्या हातातून सरळ स्वयंपाकघर ओलांडून त्या दारापलीकडे गेली होती. ताठ. मध्ये झोळ नाही.

दुसरं टोक मला दिसत नव्हतं.

“टोक धरू का गं?” मी विचारलं.

“नको, बस तू,” ती वाकून आकडा वाचत म्हणाली. “धरलंय.”

तिच्या अंगठ्याखाली मला स्पष्ट दिसलं. चोवीस फूट चार इंच. तिने वहीत लिहिलं, चोवीस फूट तीन.

मला उठून त्या दारात डोकावता आलं असतं. मी मोठी बहीण आहे, माझं कामच होतं ते. पण मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मागून टेप गुंडाळल्याचा आवाज येत होता. सर्रकन नाही...

सावकाश. माणूस चालत येतो, त्या चालीने.

माझ्या खुर्चीजवळ तो आवाज जरा थांबला.

मी पाय आत घेतले. वाट द्यावी तसे.

आवाज पुढे गेला.