शपथेवर सांगते

"फोन ठेवायचा नाही. कुणाशी बोलायचं नाही. बोललात तर लगेच अटक!"

कानाशी हा आवाज, हातात गिफ्ट कार्डांची चळत आणि समोर किराणा दुकानातली रांग... पाचावर धारण बसली होती नुसती! ज्युरीसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांत बसायला, बोलावूनही मी कोर्टात गेले नाही म्हणे, वॉरंट निघालंय, दंड कार्डांनी भरा. आणि खोटं तरी कसं म्हणू? आमच्या कौंटीत समन्स आलं की संध्याकाळी कोर्टाला फोन करून, उद्या आपल्या गटाला यायचंय का, ते ऐकायचं असतं. काल गुरुवारी पीच सोलता सोलता मी ते साफ विसरले होते.

"एवढी कार्डं? वाढदिवस कुणाचा?"

मागे एक उंच तरुण उभा होता, बगलेत टरबूज घेऊन. मी फोनवर हात दाबला. "ज्युरी... वॉरंट..." आणि रडूच फुटलं.

त्याचं हसू मावळलं. "ठेवा तो फोन! कोर्ट पत्र पाठवतं हो, असे पैसे मागत नाही. कार्डांनी तर मुळीच नाही."

"पण मी खरंच चुकलेय—"

"मग समोरच कोर्ट आहे, विचारून येऊ. पकडलंच तुम्हाला, तर टरबूज घेऊन भेटायला येईन."

मी फोन बंद केला आणि कार्डं परत मांडणीवर ठेवली.

त्याचं नाव थॅडियस, शाळेत बँड शिकवायचा. कोर्टाच्या दारात माझे पाय अडले, तेव्हा त्यानं कोपर पुढे केलं. मी ते घट्ट धरलं. खिडकीतल्या बाईंनी नाव पाहिलं. "कोरीन टिलमन... तुमचा गट सोमवारी. वॉरंटबिरंट काही नाही. जा घरी." हुश्श! जीव भांड्यात पडला.

मग पायऱ्यांवर आपटून फोडलेलं टरबूज आम्ही दोघांनी खाल्लं.

"माझाही तोच गट," तो म्हणाला. "नंबर मागणार होतो... पण नको. आज तुम्हाला फोनचीच धास्ती."

दोन दिवस फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं. आणि त्याला नंबर दिलाच नव्हता, तरी मेला त्याचा नसायचा म्हणून वाईटही वाटायचं!

सोमवारी शपथ झाली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "इथे कुणी एकमेकांना ओळखतं?"

थॅडियस उठला. "मी या मिस टिलमनना. एकदाच भेटलोय."

"त्यांच्या मताला न भुलता स्वतःचा निर्णय घ्याल?"

"खरं सांगू, मॅडम? शुक्रवारपासून दुसरं काही सुचतच नाहीये मला."

सगळे हसले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

नाही म्हणता आलं असतं. पण शपथ घेतली होती ना!

"माझंही... तेच, मॅडम."

"जा दोघं घरी," त्या म्हणाल्या.

पायऱ्यांवर येताच तो म्हणाला, "आता तरी देशील नंबर?" मी दिला. लगेच माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. शेजारीच तो फोन कानाला लावून गंभीर चेहऱ्यानं उभा होता.

मी मुळीच घाबरले नाही. उचलला.