कात्रपचा हिरवा हौद

आप्पा, माझे वडील, गेले त्यानंतर पाचव्या दिवशी मी बदलापूरला कात्रपमधल्या त्यांच्या खोलीवर गेले, कारण हौद ढवळायचा होता.

हौद साधाच. विटांच्या दोन थरांवर निळं प्लास्टिक अंथरून केलेला, वीस फूट लांब, सहा फूट रुंद आणि जेमतेम वीतभर खोल. त्यात स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म शेवाळ वाढायचं. त्याचा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते पालकाच्या रसासारखं गडद पाणी. आप्पा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त झाल्यावर, १९८५ साली, त्यांनी कुठल्याशा संस्थेतून त्याचं बाटलीभर बीज आणलं आणि कात्रपच्या एका मोकळ्या प्लॉटवर, आपल्या खोलीसमोर, हा हौद मांडला. दिवसभर अधूनमधून झाडूने पाणी ढवळायचं. सकाळी ते धोतराच्या फडक्यातून गाळायचं. फडक्यावर उरलेला हिरवा गोळा शेवयांच्या साच्यातून पाडून उन्हात वाळवायचा. त्याची पूड शेजारच्या बालवाडीतल्या मुलांच्या थालीपिठात जायची. आठ वर्षं तेच बीज त्यांनी जिवंत ठेवलं होतं.

आता प्लॉट विकला गेला होता. जुना मालक महिपती लूनावरून आला आणि गाडी बंद न करताच बोलला.

"विशाखाताई, सतरा तारखेला, सोमवारी, मशीन येणार. बिल्डिंगचं काम आहे, माझ्या हातात काही नाही."

"मला बीज हलवायला वेळ लागेल. कॅम्प चारला माझ्या घराच्या गच्चीवर टाकी बांधतेय. ती सुकायला हवी."

"रविवारपर्यंत घ्या ना. आप्पांना मी कधी नाही म्हटलंय का?" तो हौदाकडे बघून हसला. "म्हणायचे, महिपती, याच्यातून तेल निघतं, यावर एक दिवस एसटी चालेल. मी म्हटलं, एसटी राहू द्या, आधी माझी लूना चालवून दाखवा." मग त्याचं हसू गेलं. "चांगला माणूस होता."

मी तीन आठवड्यांची रजा घेतली. बीज गच्चीवर जगवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. आप्पांनी हात लावलेलं जिवंत असं दुसरं काही उरलं नव्हतं.

पाच मेला सकाळी दहाच्या सुमाराला मी पहिल्यांदा ते पाहिलं. हौदाच्या पूर्वेच्या कडेपासून आत एक जास्त गडद पट्टा गेला होता. वर गोल, मग खांदे, मग खाली निमुळता होत कडेला टेकलेला. पूर्वेच्या कडेला कुणी उभं असावं तशी सावली. मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

आप्पांनी मला एकदा समजावलं होतं की कडक ऊन या शेवाळाला सोसत नाही. मिळेल त्या सावलीत ते सरकतं. म्हणून मी सावली शोधली. कडेला झाडू टेकवून ठेवला होता, तो उचलून खोलीत ठेवला. कपडे वाळत घालायची दोरी सोडली. पाणी ढवळलं. पट्टा विरला आणि मी दहापर्यंत आकडे मोजायच्या आत परत जमला. मी स्वतः शेजारी उभी राहिले. माझी सावली पाण्यावर पडली, पण तिच्याखाली हिरवं आलं नाही.

शेवया पाडायला येणाऱ्या रखमाबाई साचा धूत होत्या. बालवाडीत स्वयंपाक त्याच करायच्या.

"रखमाबाई, हे बघितलंत?"

"रोज बगते."

"काय आहे हे?"

"काय म्हंजे? भाऊ तितंच उभं ऱ्हायचं ना." आप्पांना त्या भाऊ म्हणत. त्यांनी साच्यातलं पाणी झटकलं. "तुमी बाजूला व्हा जरा. त्यांच्यात नका उभं राहू."

मी नोंदी ठेवायला लागले. साडेआठला त्या आकाराची लांबी जवळजवळ निम्म्या हौदाएवढी. दहाला साडेतीन फूट. साडेअकराला फूटभर, दुपारी काहीच नाही. सूर्य जसा चढेल तसा तो आखडत होता, अगदी नियमाने. त्यामुळे मला भीती वाटली नाही. नियम पाळणाऱ्या गोष्टीची मला कधीच भीती वाटत नाही. रोज सकाळी मी शहाण्या मुलीसारखी त्याच्या डाव्या बाजूला बसायचे आणि चहा प्यायचे.

तेरा तारखेला चूक झाली. उन्हाने हौदाचं पाणी बोटभर घटलं होतं आणि त्याच सकाळी नळ आला. कात्रपला पाणी एक दिवसाआड येतं. प्रत्येक घरासमोर पिंपं भरून ठेवलेली असतात. आप्पांचीही चार पिंपं उघड्यावर असायची. ती साठवणीचीच, असं मी आठ वर्षं समजत होते. मी नळाची रबरी नळी सरळ हौदात सोडली.

रखमाबाई धावतच आल्या. "अवो ताई! ते पानी दोन दिस उनात ठेवायचं असतं! टीसीएल असतं त्याच्यात!"

जंतू मारायची पावडर. उन्हाळ्यात नळाला तिचा वास नाकात चढतो. आप्पा ती पिंपं ऊन खायला ठेवत होते. मी नळी काढली, पण हौद भरला होता.

शुक्रवारी पाणी पोपटी झालं. शनिवारी पिवळं, वर फेस आणि मेलेल्या मासळीचा वास. मी रात्रभर जागी होते. रविवारी सकाळी डबे घेऊन गेले ते केवळ हौद रिकामा करायला.

हौदाच्या काठावर बसून राहिले. ऊन चढत गेलं. रखमाबाई आल्या. सकाळभर आकार दिसला नव्हता. ताकाच्या निवळीसारखं पाणी, तळाला राखाडी गाळ. आठ वर्षं मी एका नळीने संपवली होती.

साडेबारा वाजले.

सोळा मे. आमच्या अक्षांशावर याच सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मिनिटभर कशालाच सावली उरत नाही. मी पाहिलं. झाडूचा दांडा उभा धरला, त्याची सावली त्याच्याच बुडाखाली गेली. विजेच्या खांबाला सावली नव्हती. रखमाबाईंना नव्हती. मला नव्हती.

पाण्यात काहीतरी हललं.

पूर्वेच्या कडेपासून हिरवं आत सरकत आलं. आधी पावलं, मग पाय, मग कंबर. पिवळ्या मेलेल्या पाण्यात कडा न विस्कटता ते पसरत गेलं. खांदे आले. उजवा खांदा किंचित खाली, कारखान्यातल्या अपघातानंतर आप्पांचा असायचा तसा. मग मान आणि डोकं.

पुरा साडेपाच फूट माणूस. गडद, जिवंत, पहिल्या दिवसाच्या रंगाचा.

वारा नव्हता. कावळे गप्प होते.

"घ्या ताई," रखमाबाई अगदी हळू म्हणाल्या. "त्यांनी धरून ठेवलंय. लवकर घ्या."

मी चपला काढल्या. डबा पाण्यात बुडवला. पावलांपासून सुरुवात केली. तोंडाकडून घ्यायचं धाडस झालं नाही. हात गार पडला, माठात घालावा तसा. एक डबा. दुसरा. तिसरा. मी जेवढं उचललं तेवढं वरून खाली सरकत आलं, आणि आकार कुठेही तुटला नाही.

चार डबे भरले तेव्हा घड्याळात बारा पस्तीस झाले होते. खांबाच्या बुडाशी काळी रेघ उमटली होती. हौदात नुसतं पिवळं पाणी होतं.

बीज जगलं. आठवड्यात गच्चीवरची टाकी गर्द झाली. कधी तिच्यात कसला आकार दिसला नाही. रोज दहा वाजता मी पाहत होते. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा रखमाबाई पुडीचा पहिला डबा घेऊन गेल्या.

पाऊस लांबला होता. त्याच आठवड्यात रखमाबाईंकडे राहिलेलं सामान आणायला मी कात्रपला गेले. प्लॉट सपाट झाला होता. हौद नाही, खोली नाही, झाड तर कधीच नव्हतं. पायासाठी आखलेली चुन्याची रेघ एके ठिकाणी वाकडी होती. भर दुपार होती आणि डोळे उघडवत नव्हते.

बिगारी बायका वाळूच्या ढिगाशी जेवायला बसल्या होत्या, डोक्यावर पदर ओढून. त्यांच्यातल्या एकीचं तान्हं बाळ दूर, मैदानाच्या मधोमध, हौद होता तिथे, उघड्या जमिनीवर फडक्यात झोपलं होतं.

"अगं, उन्हात काय ठेवलंस त्याला?" मी ओरडले.

"उन्हात कुठं बाई?" ती घास चावत म्हणाली. "इथं तेवढीच तर जागा बरी आहे. सगळ्यांची पोरं तिथंच निजवतो."

मी जवळ गेले. बाळाच्या भोवती जमीन पांढरी तापली होती. बाळाच्या अंगावर ऊन नव्हतं.