पायाळूचा पाय

“वाढलाय...!” हातातला कागद वाचता वाचता नागेशच्या तोंडून निसटलं, आणि बारामतीच्या दवाखान्यात खाटेवर उताणी पडलेल्या त्याच्या बायकोच्या, सारजाच्या काळजात चर्र झालं.

ऑपरेशनला आज तिसरा दिवस. मणक्यातला टीबी साफ करून डॉक्टरांनी पाठीत स्क्रू बसवले होते. अंगातला दाह ज्या आकड्यावरून कळतो तो सीआरपी ऑपरेशनआधी अठ्ठेचाळीस होता; आज एकशे दहा! म्हणजे रोग अजून आतच? पुन्हा चिरफाड? आणि कमरेखालचे हे बधिर पाय... ते आता जन्मभर असेच? तिनं भेदरून पायथ्याशी बसलेल्या सासूकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी नजर चुकवली. का चुकवली, ते त्या दोघींनाच ठाऊक होतं.

द्वारकाबाई पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. भिगवणपासून इंदापूरपर्यंत कुणाची पाठ धरली, की तो त्यांच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा, आणि त्या डाव्या पायानं हलकेच लाथ मारून त्याला उठवायच्या. या मानाचा त्यांना केवढा तोरा! सारजाची पाठ चार महिने ठणकत होती, संध्याकाळी अंगात कणकण भरायची, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या... पण सासूच्या लेखी ते सारं ऊस खुरपायचं टाळण्याचं सोंग. “पड पालथी! एका लाथंत सोंग उतरवते!” आणि रागाच्या भरात बसलेली ती लाथ हलकी नव्हती. दुसऱ्या दिवशी सारजाला उभं राहता आलं नाही.

“पाठीला मार लागला होता का?” दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं होतं. “गोठ्यात घसरले,” सारजा म्हणाली. म्हातारीचा मान जाऊ नये, मायलेकरांत वितुष्ट येऊ नये म्हणून! इतकं सोसूनही तिच्या अंतःकरणात ही माया कुठून यायची, कोण जाणे.

डॉक्टर तपासायला आले आणि द्वारकाबाई उठल्या.

“सायेब, ही घसरली न्हाय वो! म्या लाथ घातली हिच्या पाठीत. खोटं सांगितलं म्हणून तर गुण येत न्हाय का...?”

“आत्या, गप बसा!” सारजा कळवळली.

नागेश आईपासून दूर सरकून सारजाच्या उशाशी उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, “आजी, लाथेनं टीबी होत नाही. आकडा आज वाढलाय तो ऑपरेशनच्या जखमेमुळं, तसा तो वाढतोच. पण पोखरलेल्या मणक्याला तो दणका बसायला नको होता. पाय परत येतील का, आज सांगता येत नाही. गोळ्या एक दिवसही चुकवू नका. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू.”

सहा आठवडे! घरी आणल्यावर रोज सकाळी द्वारकाबाई सारजाला गोळ्या द्यायच्या, ती गिळेपर्यंत हलायच्या नाहीत, मग तळवे चोळत विचारायच्या, “कळतंय का गं?” सारजा मान हलवायची... नाही. नागेशनं आईशी बोलणं टाकलं होतं.

शेवटी तो इंदापुरातून रिपोर्ट घेऊन आला. सीआरपी सात! दाहाचाच दुसरा आकडा, ईएसआर, ब्याण्णववरून चौतीस! रोग हटत होता. पण पाय? सारजाची भीती काही हटेना.

नेमके त्याच वेळी गावातले मोहनराव कंबर धरत आले आणि सवयीनं ओसरीवर पालथे पडले. द्वारकाबाईंनी डावा पाय लुगड्याआड ओढून घेतला.

“उठा, मोहनराव. दवाखान्यात जा. ह्या पायानं म्या माझी सून आडवी केली... आता त्यो कुणाच्या पाठीवर पडायचा न्हाय!”

म्हणजे साऱ्या गावालाच सांगितलं त्यांनी! मोहनराव कंबर सावरत उठून निघून गेले. द्वारकाबाई सुनेच्या पायांशी बसल्या, तळवा हातात घेतला, आणि आज त्यांना विचारवेना. नुसता हुंदका फुटला.

सारजा एकदम दचकली. खरंच का हे?

“आत्या,” ती म्हणाली, “रडताय व्हय? माझ्या पायाला... वलं लागतंय.”

दारात उभा असलेला नागेश धावत आत आला. “आये,” सहा आठवड्यांनी तो पहिल्यांदा बोलला, “दुसऱ्या पायाला हात लाव, बघू.”