अजून एक शनिवार चालंल

व्हॅन दिसायच्या आधी तिचं कोकलणं ऐकू आलं. शिरूरच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत महेंद्रचं गॅरेज. नव्याण्णव सालच्या डिसेंबरातली दुपार होती. जुनी पांढरी व्हॅन दारात थांबली आणि पदर कमरेला खोचलेली एक मुलगी खाली उतरली.

"लई ओरडती हो," ती म्हणाली. "सगळा बाजार माझ्याकडं बघतोय."

बाजार काही आवाजामुळं बघत नसणार, हे महेंद्रच्या अगदी जिभेवर आलं होतं. गडी लाजरा, त्यानं ते गिळून टाकलं.

ती निमोण्याच्या शाळेतली गौतमी बाई. व्हॅन तिच्या वडिलांची, साहेबराव आबांची. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं स्टेअरिंग लेकीच्या हातात आलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती बाजारहाटाला शिरूरला यायची.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलायची तर बाईंना उतरावं लागणार, आणि गॅरेजात स्टूल एकच. महेंद्रनं ते तीनदा पुसून पुढं केलं.

"ह्यो बेल्ट," तो म्हणाला. "पाण्याचा पंप ह्योच फिरवतो, बॅटरी ह्योच चार्ज करतो. तुटला तर आधी लाल दिवा लागंल, मग पाणी उकळंल. दिवा लागला की जागच्या जागी थांबायचं. घर दिसत असलं तरी."

"आन् बदलायचा कवा?"

"पिरगाळून आतली बाजू बघायची. चकाकत असंल तर ताणून भागतं. चिरा पडल्या की काढून फेकायचा. तुटायची वाट बघायची न्हाई."

"माझ्या वर्गात असता तर पहिला नंबर दिला असता," ती हसून म्हणाली. महेंद्रच्या हातातला पाना खाली पडला.

त्या दिवशी बेल्ट नुसताच चकाकत होता. त्यानं ताणून दिला आणि पुढच्या शनिवारी दाखवायला सांगितलं. इथवर सगळं सरळ होतं.

पुढच्या शनिवारी आतल्या बाजूला बारीक चिरा दिसल्या. नवा बेल्ट त्यानं आणूनही ठेवला होता, खिळ्याला लटकत होता. पण नवा घातला की दोन-तीन वर्षं बघायला नको… म्हणजे बाई दोन-तीन वर्षं कशाला फिरकतील? महेंद्रचं तोंड परस्पर बोलून गेलं, "अजून एक शनिवार चालंल."

तिसऱ्या शनिवारी चिरांत नख जाईल अशी अवस्था. आणि ती स्टुलावर बसून चहाची बशी फुंकत पोरांच्या गमती सांगत होती. मेल्या माणसालाही ऐकाव्याशा वाटतील अशा. "अजून एक…" महेंद्र म्हणाला, आणि मान काही वर केली नाही.

बुधवारी सकाळी दुधाच्या टेम्पोवाल्यानं निरोप आणला. निमोण्याच्या रस्त्यावर बाईंची व्हॅन बंद पडली होती. महेंद्रनं खिळ्यावरचा बेल्ट ओढला आणि लुना पिटाळली.

लाल दिवा लागताच ती थांबली होती, म्हणून इंजिन वाचलं. आबा धोतराचा सोगा सावरत दगडावर बसले होते. महिन्यातून एकदा पुण्याचे डॉक्टर शिरूरला मोतीबिंदूच्या शिबिराला येत. दोन महिने थांबून आबांचा नंबर आज लागला होता, नऊ वाजता. महेंद्रनं बेल्ट चढवला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते, नंबर हुकला होता.

"धावत आलास बाबा," आबा त्याच्या आवाजाच्या रोखानं म्हणाले. "वस्तूच ती. कवा तुटंल कुणी सांगावं?"

सुटायला वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची, एवढंच काम. गौतमी तुटका बेल्ट हातात धरून आतल्या चिरा बघत होती. महेंद्रनं पाना खाली ठेवला.

"सांगता येतं, आबा," तो म्हणाला. "मला ठावं होतं. दोन शनिवार ठावं होतं. बदलला असता तर बाई परत आल्या नसत्या… म्हणून न्हाई बदलला. चूक माझी हाय."

गौतमीचे डोळे भरून आले, रागानंच. "माझ्या आबांचे डोळे होते हो ते," एवढंच ती बोलली. आबांना हात देऊन आत बसवलं आणि निघून गेली. बेल्ट चांगला बसला होता, गाडी जराही ओरडली नाही. त्या शांततेचं महेंद्रला रडू आलं.

पुढं पाच शनिवार कोरडे गेले. महेंद्र दर आवाजाला मान वर करायचा आणि स्वतःलाच शिव्या घालायचा.

सहाव्या शनिवारी व्हॅन बिनआवाजी दारात येऊन थांबली आणि गौतमी खाली उतरली. तो धडपडत पुढं झाला. सीट उचलली, बेल्ट पिरगाळून बघितला, अंगठ्यानं दाबला.

"काईच बिघाड न्हाई, बाई."

"ठावं हाय मला." ती जागची हलली नाही. "बिघाड नसताना येऊ नये का?"

महेंद्रनं सीट खाली टेकवली आणि स्टूल पुसायला घेतलं.

"अजून रागात हाय मी," ती म्हणाली. "पण पुढच्या शिबिरात आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. परवा पट्टी निघाली. म्हणत्यात, खरं बोललेल्या त्या पोराचा नुसता आवाजच ऐकलाय, आता बघायचा हाय. रविवारी या घरी."

"आबांनी बोलावलंय व्हय…" महेंद्रनं धीर करून विचारलं. "आन् तुम्हाला… न्हाई बघायचं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सरळ त्याच्याकडं बघितलं.

"मी काय शनिवारच्या शनिवार बेल्ट बघायला येत हुते?"