चंपाबाईंचा पाट

हे खरं आहे. माझ्याच घरात घडतंय, सांगलीत, गेल्या डिसेंबरापासून. आणि रात्री-अपरात्री नाही, दिवस मावळताना. पटत नसेल तर राहू द्या, मला कुणाची समजूत घालायची नाही.

मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये काम करते. मुलगी सोनिया नोकरीसाठी शिरवळला गेली आणि दोन खोल्यांचं घर खायला उठायला लागलं.

मग मला जुन्या वस्तूंचं वेड लागलं. चिनी मातीच्या बरण्या, बंद पडलेला रेडिओ, पितळी खुंट्या. भिंत रिकामी दिसली की काहीतरी टांगायचं.

सोनिया व्हिडिओ कॉलवर हसायची. "आई, घर सजवतेयस की म्युझियम उघडतेयस?"

पलूसला एक जुनं घर पाडणार होते. तिथं मला जेवायला बसायचे दोन पाट दिसले. कडेला पितळी फुलं ठोकलेली.

"आईचं हायत, चंपाबाईचं," घरमालक सम्मेद म्हणाला. "आमी जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. बाबा गेलं, पर समोर त्यांचा पाट मांडल्याबगर आई कवा जेवली न्हाई. दोनी न्या ताई. जोडी मोडू नगा."

भिंतीवर जागा एकाच पाटाची होती. मी एकच आणला आणि दोरीनं खिळ्यांना टांगला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा उकळत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

टक्.

लाकूड फरशीवर टेकल्याचा. पडलं असतं तर दणका झाला असता. हे कुणीतरी हळूच ठेवलं होतं.

जाऊन बघितलं. खिळे जागच्या जागी. पाट मात्र खाली, सरळ मांडलेला.

दोरी सरकली असेल म्हणून पुन्हा टांगला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवस कलला की... टक्.

शेवटी सम्मेदला फोन लावला. दुसरा पाटही द्या म्हटलं.

"आवं ताई, त्यो बंबात घातला की! पाणी तापवाय."

मी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी काय वाटलं कोण जाणे, मी ताट वाढून घेतलं आणि पाटासमोर फरशीवर बसले. पाटावर कुणी नव्हतं. पण सोनिया गेल्यापासून पहिल्यांदा घास गोड लागला. सांगायला लाज वाटते.

मग रोज तशीच जेवायला लागले. दिवस मावळायच्या आत. जेवून झालं की पाट पुन्हा भिंतीवर.

जानेवारीत एकदा मशीन बिघडली, कामावर उशीर झाला. वाटेतच अंधार पडला. कुलूप मीच उघडलं. लाइट लावला...

पाट खाली होता.

त्याच्यासमोर माझं ताट. वर दुसरं ताट पालथं घातलेलं. उशिरा येणाऱ्या माणसासाठी जेवण झाकून ठेवतात, तसं.

वरचं ताट उचललं.

आत काहीच नव्हतं.

पण ताट गरम होतं.

मी तिथंच बसून रडले. भीती होतीच. पण माझ्यासाठी कुणी ताट झाकून ठेवलं, त्याला किती वर्षं झाली होती!

आता सोनियानं शिरवळला मोठं घर घेतलंय. "आई, ये ना कायमची. एकटी काय करतेस तिथं?"

एकटी नाही, हे तिला कसं सांगू?

परवा मात्र मन घट्ट केलं. बॅग उचलली, रिक्षा बोलावली. कुलूप लावलं. ऊन उतरत होतं. वळणार, इतक्यात आतून...

टक्.

मी जिन्यावर थांबले. आणि मग पुन्हा एकदा...

टक्.

दुसरा पाट तर बंबात जळाला होता.

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी कुलूप उघडलं. आत पाट एकच होता.

बॅग अजून दाराशीच आहे. सोनिया चिडलीय, दोन दिवस फोन उचलत नाही.

आत्ता साडेपाच झालेत. भात लावायला हवा.